दाजींची बसलेली वाचा

माणसाचं मन मला कळतं. कॉलेजची पायरी न चढता कळतं. रद्दीवाल्याकडून आणलेली मानसशास्त्राची अकरा पुस्तकं मी किमतीसकट वाचलीत. म्हणून निलंग्यात आमच्या दाजींची, चंद्रप्पांची, वाचा बसली तेव्हा मीच पुढं झालो. शुक्रवारी भाचीसाठी, अक्षरासाठी, पाहुणे येणार. बापानं तोंडानं होकार दिल्याशिवाय आमच्या लिंगायतांत साखर वाटत नाहीत. आणि बाप आठ दिवस गप्प.

"वैजनाथ, पोरीचं जमलेलं मोडतंय की रे," शांतम्माअक्का म्हणाली.

"गुरुवारी लातूरला नेतो. बोलतं करूनच आणतो."

पहिल्या डॉक्टरनं दाजींकडं न बघता कागदावर मेंदू काढला. "एक रसायन कमी पडलंय." जसं काही वरणात मीठ कमी.

दुसऱ्या बाईंनी विचारलं, "लहानपणी आई रागवायची?"

"लई," मीच सांगितलं. बाईंना तेवढंच पाहिजे होतं.

तिसरा सवयीवाला. "एक शब्द बोलले की एक पेढा द्या." दाजींनी एकही शब्द न बोलता पुडा संपवला.

चौथा म्हणाला, "विचार बदला, वाचा येईल." फी मात्र त्याची बदलत नव्हती.

एका गल्लीत चार दुकानं, आणि प्रत्येकात माणसाचा एकेक तुकडा विकायला! शेवटी 'संपूर्ण माणूस केंद्र' अशी पाटी दिसली.

"आम्ही माणूस तोडून बघत नाही," तिथले सर म्हणाले. "घर, गाव, भावकी, हवापाणी, सगळं बघतो." त्यांनी चोवीस पानी फॉर्म दाजींच्या हातात दिला. दाजींनी एकच ओळ लिहिली:

'वैजनाथनं गळ्यातल्या लिंगाची आण घातलीय, मी सांगेस्तोवर तोंड उघडायचं न्हाई म्हणून.'

मग मला आठवलं. दाजी माझ्या पुस्तकांना रद्दी म्हणाले होते, आणि माझं डोकं फिरलं होतं.

"आधी का नाही लिहिलं?" मी विचारलं.

दाजींनी फॉर्मवर लिहिलं, 'इचारलं कुणी?'

सर नाराज झाले. "एवढं एकच कारण नसतं हो. उरलेली तेवीस पानं भरा."

"सुटली आण. बोला, दाजी."

दाजी एसटीत बसल्यापासून बोलायला लागले. आधी माझा मेंदू काढला. मग लहानपण, मग सवयी, मग विचार, शेवटी घराणं आणि गाव. निलंगा आलं तरी संपलं नव्हतं. शुक्रवारी पाहुण्यांना होकार देण्यापुरते थांबले, आणि पुन्हा सुरू झाले. खोटं कशाला बोलू, माझा इतका समग्र विचार आजवर कुणीच केला नव्हता.