शनिवार, ३१ जून

‘सहा तारा’ या आमच्या ऑनलाइन गिटार गटाचं पहिलं प्रत्यक्ष संमेलन शनिवार-रविवार, ३१ आणि ३२ जूनला घ्यायचं बहुमताने ठरलं, आणि जागा बघायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं.

तारीख कशी आली ते सांगतो. आमचे ॲडमिन कौस्तुभ रिसबूड आपल्या चॅनेलवर गिटार शिकवतात, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी गटावर पोल टाकला. १०-११ जून, २४-२५ जून आणि ३१-३२ जून. चोवीसमध्ये सात मिळवले की एकतीस होतात, त्यामुळे हिशेबात सरांचं काही चुकलं होतं असं म्हणता येणार नाही. पण मी आमच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीला आहे. दिवसभर तारखाच लिहितो. म्हणून विचारलं, “सर, जून तीसचा असतो ना?”

“ननावरे,” सर म्हणाले, “एकदा मतं पडली की पोल दुरुस्त करता येत नाही. आणि मतं पडलीत.”

पडली होती खरी. पहिल्या तारखेला नऊ, दुसरीला बारा, आणि ३१ जूनला एकसष्ट. दोनशे चौदा लोकांच्या गटात एकसष्ट जण कशावर एकमत होतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कारण सरळ होतं. बाकीच्या शनिवारी कुणाच्या घरी लग्न, कुणाकडे बारसं, कुणाच्या मेहुण्याचं जावळ. ३१ जूनला मात्र कुणाचंच काही नव्हतं.

मी ऑफिसात जाऊन जुनी रजिस्टरं चाळली. एकोणीस वर्षांत ३१ जूनला आमच्या गावात एकही मृत्यू नोंदलेला नाही. दिवस सुरक्षित होता. मीही मत दिलं.

आता संमेलन जूनमध्येच का, हे सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्या गटात तासगावच्या इंदूताई वाळवेकर आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, सत्तावन्नाव्या वर्षी गिटार हातात घेतली, आज त्रेसष्टाच्या आहेत. त्यांच्या डाव्या मनगटाचा सांधा झिजलाय. डॉक्टर १ जुलैला सकाळी त्यात धातूची पट्टी बसवून मनगट कायमचं सरळ करणार होते. त्यानंतर दुखणं थांबणार, पण मनगट वाकणार नाही, आणि मनगट वाकल्याशिवाय गिटारच्या मानेभोवती बोटं फिरत नाहीत. म्हणजे वाजवायचं ते १ जुलैच्या आधी.

आणि बाईंनी मागितलं काय, तर एकदा कुणाबरोबर तरी एकदम वाजवायचं. ऑनलाइन ते होत नाही. इकडचा आवाज तिकडे पोचेपर्यंत अर्धी मात्रा सरते, म्हणून दर रविवारी सर सगळ्यांना म्यूट करतात आणि मग आम्ही ‘एकत्र’ वाजवतो. सहा वर्षं इंदूताई चाळीस चेहऱ्यांकडे बघत एकट्या वाजवत होत्या.

“आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉल जोडून दिले हो,” त्या मला एकदा फोनवर म्हणाल्या होत्या. “माझाच लागत नाही.”

शिरवळजवळ संपतराव गोळ्यांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. आठ खोल्या, एक पडवी, समोर वांग्याचं रान. मी त्यांना तारीख सांगितली. त्यांनी बुकिंगची डायरी काढली, थुंकी लावून पानं उलटली.

“३० जून फुल्ल आहे. १ जुलै फुल्ल आहे.”

“आणि ३१?”

“३१ ला पान नाही.” त्यांनी डायरी माझ्यापुढे केली. “पण खोल्या रिकाम्या आहेत. दर वर्षी रिकामाच जातो बघा तो दिवस. तुम्हीच पहिले विचारलंत.”

“मग घ्या की लिहून.”

त्यांनी एका चिठ्ठीवर ‘३१-३२ जून, गिटारवाले’ असं लिहिलं आणि ती दोन पानांच्या मध्ये टाचणीने अडकवली. मग अडचणी सांगितल्या. त्या दिवशी दूधवाला येत नाही, तेव्हा चहा कोरा. पेपर येणार नाही. बाकी पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, काही कमी पडायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात ३० जूनच्या शुक्रवाराखाली शनिवारचा चौकोन रिकामा होता. गोळ्यांनी त्यात पेनने ३१ घातले. ३२ ला चौकोन नव्हता, ते त्यांनी शेजारी भिंतीवरच लिहिलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. गटावर रोज सकाळी ‘मोजून अमुक दिवस’ असे निरोप पडत होते. टीशर्टच्या रंगावरून दोन दिवस भांडण झालं आणि तिघं गट सोडून परत आले. मग जूनचा दुसरा आठवडा उजाडला आणि मंडळींच्या लक्षात आलं की आपण खरोखर जाणार आहोत.

पहिले पोंक्षे. बँकेत आहेत. त्यांनी लिहिलं, ३१ तारखेला महिन्यातला पाचवा शनिवार येतो आणि पाचव्या शनिवारी बँक चालू असते, तेव्हा क्षमस्व. मी म्हटलं, मॅनेजरना विचारून तर बघा. मॅनेजर म्हणाले, त्या तारखेला एकही व्यवहार टाकता येत नाही, तुम्ही इथे बसून करणार काय, खुशाल जा. पोंक्ष्यांनी हे आम्हाला कळवलं तेव्हा खाली हसरा चेहरा टाकायला विसरले.

मग सोलापूरचे बिराजदार. चुलतभावाचं लग्न निघालं म्हणे त्याच दिवशी. इंदूताईंनी भोळेपणाने विचारलं, मुहूर्त कितीचा? बिराजदारांनी दोन दिवस पंचांगं धुंडाळली. त्या दिवसाला तिथीच नाही. लग्न त्यांना मागे घ्यावं लागलं.

जळगावच्या चौधरींना आगाऊ ताप आला. डॉक्टर सर्टिफिकेट द्यायला तयार होते, पण त्यावर तारीख काय घालू म्हणाले.

असं एकेक करत इंदूताई सोडून साठही जण उघडे पडले. उभ्या आयुष्यात ज्यांना नाही म्हणायला कधी जड गेलं नाही, त्यांच्यापुढे असा दिवस येऊन ठाकला की ज्या दिवशी साहेब, सासू, शाळा, सोयर-सुतक, कुणीही मदतीला येईना. तोंडचं पाणी पळालं सगळ्यांच्या.

खरं दुखणं मला ठाऊक होतं. हे लोक व्हिडिओ टाकतात आणि खाली लिहितात, ‘पहिल्याच टेकमध्ये, जसं आलं तसं.’ त्यांच्या घरच्यांना विचारा तो टेक कितवा होता. पडवीत बसून, समोर माणसं असताना, जोडकाम न करता वाजवायचं म्हणजे आपली ठिगळं दाखवण्यासारखं झालं असतं. सरांचंही तेच. सर तर बोटं एका दिवशी चित्रित करतात आणि चेहरा दुसऱ्या दिवशी. आणि माझं? मी सहा वर्षांत एकही व्हिडिओ टाकलेला नाही. एफ नावाची एक कॉर्ड आहे, तिच्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. माझ्या त्या सहांतल्या दोन वाजतात. बाकीच्या खोकतात.

२५ तारखेला सरांनी तातडीची ऑनलाइन बैठक बोलावली. विषय एकच, संमेलन डिसेंबरात ढकलणे.

“आणि इंदूताई?” मी विचारलं.

“त्यांना आपण ऑनलाइन घेऊ ना,” सर म्हणाले.

“सर, त्यांचं मनगट…”

“ननावरे, तुम्ही म्यूट आहात,” सर म्हणाले. मी नव्हतो. पण पुढच्या क्षणाला झालो. इंदूताई पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या काही बोलत होत्या, पण त्याही म्यूट होत्या.

तरी ठराव बारगळला, कारण बहुमताने ठरलेली तारीख बदलायला सबळ कारण लागतं असा सरांनीच कधीकाळी नियम केला होता. ते कारण सरांना २९ जूनला सापडलं. त्यांनी गटावर लिहिलं, ‘सखोल चौकशीअंती असं निदर्शनास आलं आहे की ३१ जून ही तारीख अस्तित्वात नाही. अपरिहार्य कारणास्तव संमेलन रद्द करण्यात येत आहे.’

इतकी तकलादू सबब मी जन्मात ऐकली नव्हती. दोन महिने या दिवसावर टीशर्ट ठरले, भाकऱ्या ठरल्या, बँकेच्या मॅनेजरची परवानगी आली, आणि आता म्हणे दिवस नाही. चार मिनिटांत खाली एकोणसाठ अंगठे पडले. साठावा माझा. होय, माझाच. कशाला खोटं बोलू? एफ वाचली म्हणून मला हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन वाजला. इंदूताई होत्या.

“ननावरे, तारीख नाही म्हणतायत.”

“हो, वाचलं मी.”

“तुम्ही अंगठा दिलात तेही वाचलं. ते राहू द्या. तुमचं दप्तर समोर आहे ना? त्यात बघा बरं.”

मी गेल्या वर्षीचं मृत्यूचं रजिस्टर उघडलं. आमच्याकडे महिना संपला की एक पान कोरं सोडतात, मग पुढचा महिना सुरू होतो. एकोणीस वर्षं मीच सोडत आलोय. ३० जून होता, त्यापुढे कोरं पान होतं, त्यापुढे १ जुलै. मला माझीच लाज वाटली.

“जागा आहे,” मी म्हणालो.

“मग मी निघते,” त्या म्हणाल्या. “शिरवळला भाची आहे, तिच्याकडे आज उतरते. तुम्ही या, नाहीतर मी गोळ्यांबरोबर वाजवीन.”

३१ जूनला सकाळी मी मोटरसायकलवर गिटार बांधून निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उसाचा ट्रक नाही, एसटी नाही, पेट्रोल पंपावर माणूस नाही. हवा बरी होती. गोळ्यांच्या पडवीत एकसष्ट पत्रावळी मांडून ठेवल्या होत्या आणि एका कडेला इंदूताई मनगटाला गरम पाण्याची पिशवी लावून बसल्या होत्या. पडद्यावर त्या खांद्यापर्यंतच दिसायच्या. प्रत्यक्षात बुटक्या होत्या, माझ्या छातीला लागतील एवढ्या.

“बाकीचे?” गोळ्यांनी विचारलं.

“त्यांना काम निघालं,” मी म्हणालो.

“आजच्या दिवशी?” गोळे म्हणाले, आणि एकोणसाठ पत्रावळी उचलून आत नेल्या.

आम्ही समोरासमोर बसलो. चार कॉर्डचं जुनं गाणं होतं, शब्द दोघांनाही अर्धेच येत होते. त्यातली तिसरी कॉर्ड एफ. माझी एफ खोकते, हे मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, माझं मनगट जेमतेम पाच-सात वेळा गाणं सोसेल, एफला खोकायचं असेल तर वाजवता वाजवता खोकू द्या. मग त्यांनी मोजलं, “एक, दोन, तीन, चार.”

आणि आम्ही एकदम सुरू केलं. माझी एफ खोकली. त्यांच्या बोटाखालची एक तार निसटली. दोन्ही चुका जिथल्या तिथे, ज्या क्षणी झाल्या त्याच क्षणी ऐकू आल्या. त्या थांबल्या नाहीत, म्हणून मीही थांबलो नाही. गाणं संपलं तेव्हा त्या गिटारवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

“पोचतं की हो लगेच,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो. मला रडू आलं होतं.

त्या दिवशी आम्ही ते गाणं चारदा वाजवलं. मध्ये मध्ये गोळ्यांच्या मंडळी पाण्याची पिशवी बदलून देत होत्या. ३२ तारखेला, रविवारी, तीनदा. तिसऱ्यांदा मनगट मध्येच अडलं, तेव्हा शेवटचं कडवं मी एकट्याने वाजवलं आणि त्यांनी मांडीवर उजव्या हाताने ताल धरला. रेकॉर्ड करायचं कुणालाच सुचलं नाही. संध्याकाळी मी त्यांना भाचीकडे सोडलं. तिथून सकाळी हॉस्पिटल जवळ पडणार होतं. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरात छापल्याप्रमाणे १ जुलै होती आणि पुन्हा शनिवार होता.

मी गटावर अहवाल टाकला. ‘३१ व ३२ जूनचं संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडलं. हजर दोन.’ सरांनी उत्तर दिलं की तारीखच नसल्यामुळे संमेलन अधिकृत धरता येणार नाही, आणि चॅनेलसाठी व्हिडिओ असल्यास पाठवावा. मग डिसेंबरचा पोल टाकला. त्याला एकसष्ट मतं पडली.

ऑपरेशन नीट झालं. आठ दिवसांनी मी तासगावला भेटून आलो. इंदूताईंचा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत सरळ ठेवलेला होता. मी तिथे असतानाच गोळ्यांचा फोन आला. पुढच्या वर्षीचा ३१ जून रविवारी येतो, राखून ठेवू का विचारत होते. मी इंदूताईंकडे बघितलं.

“ठेवा म्हणावं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाजवा. मी मोजते. एक-दोन-तीन-चार म्हणायला मनगट लागत नाही.”

“दोन दिवस?”

“तर. सोमवारी बत्तीस येते. तुम्हाला रजा टाकावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला, सोमवार, ३२ जून, एक दिवस, कारण खासगी. डब्याच्या वेळी माझी एफची रड रोज ऐकणाऱ्या साहेबांनी तो वाचला, सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तोवर ती एफ वाजेल का हो?”

“वाजेल,” मी म्हणालो, आणि जून संपला होता म्हणून रजिस्टरात एक पान कोरं सोडलंय ना, ते पुन्हा एकदा तपासून घेतलं.