गोजराबाईने मीठ न घेतले त्याची हकीकत

श्री. घडले ते झाकू नये, सांगणारास देवीने बळ द्यावे. शके नऊशे अठरा, दुर्मुखनाम संवत्सरी, ज्येष्ठमासी मायावी गनीम राज्यावर चालोन आला आणि थोरल्या किल्ल्यास वेढा घातला. गनीम कैसा, तर ज्याचे रूप घेई त्याचा आवाज, चाल, आठवणी सकळ घेई, आणि मेला म्हणजे राख होई. एक मीठ मात्र त्यास सोसत नसे. म्हणोन राज्यात चाल ऐसी की, येणाराने चिमूटभर मीठ सर्वांदेखत गिळावे, मगच दिंडी उघडावी. धाकट्या किल्ल्यावर एका शिपायाने आईचे तोंड पाहिले आणि मिठावाचून दिंडी उघडली, तो तीनशे माणूस कापले गेले.

थोरल्या दरवाजाचे नाईक सटवोजी. बायको वारलेली, लेक एकच, गोजराबाई, ती खालच्या पेठेत दिली होती. गनिमाने पेठ जाळली हे ऐकिले आणि नाइकांस अन्न गोड लागेना. मग नवव्या दिवशी भर दुपारी गोजराबाई अनवाणी, धापा टाकीत दरवाजाशी आली आणि म्हणाली, "आबा, मी आले. दार उघडा."

नाइकांचा हात कडीकडे गेला आणि तेथून मागे आला. झरोक्यातून त्यांनी मीठ पुढे केले.

"मीठ नको, आबा. तुमच्या जिवासाठी देवीपाशी अळणी धरले आहे. वेढा उठेतो मीठ तोंडी घालायची नाही."

"बाये, मी सोडवितो तुझे व्रत. घे."

"तुम्ही कोण सोडविणार? मी खाल्ले आणि तुम्हांला काही झाले तर?"

लेक लहानपणापासोन अशीच हट्टी. परंतु तो हट्टही गनिमास ठाऊक असणार. बाहेर गनिमाशी झुंज होती तीस तट होता, ढाली होत्या. नाइकांचे उरी जुंपली तीस काहीच आडोसा नव्हता. एकीकडे गोजरा, दुसरीकडे आतले दोन हजार जीव. नाइकांनी तीन वेळा मीठ पुढे केले, तीन वेळा तिने मान हलविली. इतक्यात गनिमाचे स्वार टेकाडावर दिसू लागले. तिने मागे पाहिले आणि म्हणाली, "आबा, झरोक्यातून मागे सरा, बाण लागेल."

बाण तिलाच लागला. नाईक पाहत राहिले. राख होईना.

पुढे आषाढात वेढा उठला. महाराज खासा आले, वस्त्रे दिली आणि दिवाणजी बोलिले, "नाईक, डोळे का पुसता? आपण कोठे चुकला नाहीत."

"तेच तर, दिवाणजी," नाईक म्हणाले. "चुकलो असतो तर लेक घरात असती."

येणेप्रमाणे किल्ला राहिला, राज्य राहिले. सटवोजी नाइकांस आयुष्य बहुत लाभले. त्याउपरी बावीस वर्षे जगले.