कुंडीखालची किल्ली

साल एकोणीसशे एकोणऐंशी. त्या साली आमच्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयात तीनशे बारा वस्तू होत्या, आणि त्यातली एकही माझ्या हातून कधी इकडची तिकडे झाली नव्हती! हे मी पाहुण्यांना सांगे, शेजारणींना सांगे, दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. नोंदवही माझ्याकडे होती ना! वस्तू आली की नोंद, नोंद झाली की दोऱ्यानं बांधलेली क्रमांकाची चिठ्ठी. माझी पद्धत अशी पक्की की मी कित्येकदा नोंद आधी करी आणि वस्तू मागाहून आणी. ह्या वाक्याकडे जरा लक्ष असू द्या. सगळं पाणी तिथंच मुरलं.

संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या दोन खोल्या. पहिल्या वर्षी एका कपाटात मावलेला इतिहास तिसऱ्या वर्षी खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढला आणि पाचव्या वर्षी न्हाणीघरात शिरला. हात धुवायला गेलं की लोखंडी वजनांवर ठेच लागायची. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त स्टेशनमास्तर. सभा सहाला म्हणजे सहाला! सहा वाजून एक मिनिटानं आलेल्याला ते दारातच विचारत, "का हो, सिग्नल मिळाला नाही का?" संग्रहालयातलं मोठं कपाटही त्यांच्याच स्टेशनच्या तिकीटघरातलं. त्याची किल्ली घराच्या किल्लीसारखीच, सदा टेबलावर पडलेली असायची. दुसरे उत्साही सभासद म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर. दिसेल ती वस्तू घासूनपुसून लख्ख करायची हा त्यांचा आजार. एका जुन्या तांब्याला त्यांनी इतकं घासलं होतं की त्याला भोक पडलं!

त्या वर्षी मास्तरांनी ठरवलं, गावातल्या जुन्या किल्ल्यांचं प्रदर्शन भरवायचं. मी म्हटलं, "आठ दिवसांत चाळीस किल्ल्या आणते की नाही बघा!" आणि आणल्या! पाण्याच्या टाकीची, जुन्या तुरुंगाची, एका आजोबांच्या हार्मोनियमच्या पेटीची. बेचाळीस झाल्या. म्हटलं, अजून एक मिळाली तर तोंडभर सांगता येईल.

तेव्हा मला आठवली वन्संच्या दाराशी असलेली किल्ली.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे आईच्या जागी. दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. दाराबाहेर कोरफडीची भलीमोठी कुंडी, आणि कुंडीखाली त्यांच्या मुलाची किल्ली. तो कॉलेजातून आला आणि आई घरात नसली, तर दार उघडून आत जाई. पण तो घर सोडून गेला त्याला सतरा वर्षं झाली होती. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा वडील म्हणाले होते, "आता पास झाल्यावरच तोंड दाखव." दुसऱ्या खेपेला तो सकाळी चहा पिऊन, "निकाल बघून येतो," म्हणून निघाला. पुन्हा नापासच झाला होता. एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही.

वडील सहा वर्षांनी दवाखान्यातच वारले. वन्सं तिथं त्यांच्या उशाशी असताना इकडे दाराचं कुलूप अडकून बसलं. कुलूप म्हणजे दारातच बसवलेलं, जुन्या घडणीचं. ह्यांनी कुलूपवाल्याला बोलावून ते आख्खं बदलून घेतलं, पण तशाच घडणीचं बसवलं. वन्संना नवी किल्ली दिली आणि सांगितलं, "ताई, तुझी किल्ली झिजली होती, दुसरी करून घेतली." कुलूपच बदललं हे सांगायचा ह्यांना धीर झाला नाही. मला एकटीला सांगितलं. म्हणजे कुंडीखालची किल्ली अकरा वर्षं बिनकामाची होती, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक.

म्हणून गुरुवारी वन्सं डोळे तपासायला गेलेल्या बघून मी कुंडी कलती केली आणि किल्ली उचलून पिशवीत टाकली. सतरा वर्षं मातीत पडलेली किल्ली इतकी तेलकट, इतकी गुळगुळीत कशी, हे विचारायची अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती कोण जाणे! घरी जाऊन आधी नोंद केली. शनिवारी सगळ्या किल्ल्यांची ती पिशवी संग्रहालयाच्या टेबलावर पालथी केली. मोजल्या. त्रेचाळीस! छाती फुगली.

रविवारी प्रदर्शन. वन्संना मी हाताला धरून घेऊन गेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मंगळवारी शस्त्रक्रिया ठरलेली. चार महिने थांबून मिळालेली तारीख. कपाटात किल्ल्या पंख्यासारख्या मांडलेल्या आणि कपाटाचं दार सिग्नलच्या झेंडीच्या दोरीनं बांधलेलं, कारण ऐन वेळी कपाटाचीच किल्ली सापडत नव्हती. "किल्ल्यांच्या प्रदर्शनात कपाटाला किल्ली नाही! गावाला कळलं तर आपण रुळाखालीच जायचं," मास्तर कुजबुजले.

मी मोठ्या कौतुकानं चिठ्ठी वाचून दाखवली. "क्रमांक तीनशे पंचावन्न. घराची जुनी किल्ली. कुंडीखाली सापडली. देणार, वहीलेखिकेच्या नणंद. बघा वन्सं, तुमचं नाव इतिहासात गेलं!"

वन्संचा हात माझ्या हातात होता. तो त्यांनी काढून घेतला.

"कुठल्या कुंडीखाली?"

"तुमच्याच की!"

"अगं वहिनी, ती त्याची आहे."

एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दोरी सोडून किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती चाचपली, अंगठ्यानं दाते मोजले, आणि परत दिली. "ही नाही."

"नाही कशी? चिठ्ठी बघा ना!"

मागून कंपाउंडर खाकरले. "वहिनी, चिठ्ठीचं काय आहे... म्हणजे घासायच्या आधी मी त्या सोडून खिडकीत ठेवल्या होत्या. अगदी ओळीनं!"

"मग?"

"मग पंखा लावला."

"मग?"

"मग अंदाजानं बांधल्या!"

वर त्यांनी किल्ल्या गंज काढायच्या तेजाबात रात्रभर बुडवल्या होत्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सारख्याच खरखरीत! वन्संनी एकेक किल्ली चाचपली. शेवटी म्हणाल्या, "ह्यांच्यात असेलही. हाताला कळेना. दर सोमवारी तेल लावायची मी तिला. तुम्ही तेल काढून टाकलंत."

आणि उठून घरी गेल्या. घरी म्हणजे घरात नव्हे! कुंडीशेजारच्या पायरीवर बसल्या. हे धावत गेले. "ताई, आत चल. परवा शस्त्रक्रिया आहे."

"नाही जायची मी."

"अगं चार महिने थांबलीस! आता तारीख गेली तर वर्षभर मिळायची नाही. डोळे जातील!"

"जाऊ देत. पाच दिवस दवाखान्यात राहायचं आणि तेवढ्यात तो आला तर? कुंडीखाली हात घालेल आणि मोकळ्या हातानं परत जाईल. किल्ली ठेवा, मी जाते."

कुलूपच बदललंय हे खरं सांगावं, तर वन्संचं काळीज फाटायचं. लपवावं, तर डोळे जायचे. घरी येऊन हे मला म्हणाले, "तुझी वही जाळून टाक!" लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली होती, इतकं कडू कधी बोलले नव्हते. मी रडले, आणि रडत रडत भाजी फोडणीला टाकली, तीही करपली.

सोमवारी सकाळी आम्ही पुन्हा वन्संच्या पायरीशी पोचलो, तर बरोबर नऊ वाजता दारात मास्तर उभे! अंगात काळा कोट, हातात त्रेचाळीस किल्ल्यांचा ट्रे. मागे कंपाउंडर. त्यांच्या मागे शेजारपाजार. "काळजी सोडा," मास्तर म्हणाले. "दार इथंच आहे, किल्ल्याही इथंच आहेत. एकेक लावायची. जी फिरेल ती तुमची!"

अशी साधी सरळ गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली असती. ह्यांनी दार अडवायला पाय पुढं टाकला. कारण फिरणार एकही नव्हती!

"कशाला उगाच त्रास," हे म्हणाले.

"त्रास कसला? क्रमांक एक!"

क्रमांक एक फिरली नाही. क्रमांक दोन आत गेली आणि बाहेर येईना. कंपाउंडरांनी पाय दाराला टेकवून ओढली, तेव्हा किल्लीसकट तेच पायरीवर बसले. तुरुंगाची किल्ली लावली तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगंबाई, ती लागली तर काय म्हणायचं?" गर्दी हसली. वन्संही जरा हसल्या. पायरीवर बसून प्रत्येक किल्लीचा आवाज कान देऊन ऐकत होत्या. ह्यांच्या शर्टाची पाठ घामानं अंगाला चिकटली होती.

विसाव्या किल्लीला कंपाउंडरांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते कुलूपवाल्यालाच बोलावून घेऊन आले. कुलूपवाल्यानं कुलपाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "हे होय! अहो, हे कुलूप तर मीच—"

मी त्याच्या पायावर पाय दिला. टाचेसकट!

"—मीच... आई गं! मीच तेल घातलं होतं एकदा ह्याला!"

"मग आठवत असेल ना किल्ली कशी होती?" मास्तरांनी विचारलं.

कुलूपवाल्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या टाचेकडे बघितलं. "नाही आठवत," तो म्हणाला. भला माणूस.

एकेचाळीस. बेचाळीस. मास्तरांचा आवाज उतरत चालला. त्रेचाळिसावी किल्ली त्यांनी स्वतः लावली. फिरवली. पुन्हा फिरवली. काढून कोटाला पुसली आणि पुन्हा लावली. मग ट्रेमध्ये ठेवली. शेजारपाजार गुपचूप पांगायला लागला.

"ताई," हे म्हणाले आणि पायरीवर मटकन बसले. "ताई, मी तुला एक सांगितलं नाही. ते कुलूप—"

"बदललंस. माहीत आहे मला."

"काय?"

"अरे, तीस वर्षं मी ह्या दाराला किल्ली लावत होते. जुनं कुलूप डावीकडे फिरायचं, हे उजवीकडे फिरतं. मला कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं लपवून ठेवलं होतंस. म्हटलं, माझ्यासाठीच लपवलंय, लपवू दे."

मी पुढं झाले. "पण वन्सं, मग ती किल्ली त्याला लागणारच नव्हती! मग हे सगळं कशाला?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. डोळ्यांवर ती पांढरी साय. "न लागेना का! तो हात घालेल, किल्ली मिळेल. लावून बघेल, लागणार नाही. चिडेल, दार खडखडवेल, पायरीवर बसून राहील. लहानपणी असाच बसायचा. पण कुंडीखाली काहीच नसलं तर त्याला वाटेल, आई रागावली अजून."

कंपाउंडरांनी चष्मा काढला आणि घासायला लागले. त्या दिवशी तरी घासायला कारण होतं.

मग वन्सं म्हणाल्या, "त्यातली कुठलीही एक द्या."

आता इथं नियम आडवा येत होता. क्रमांक पडलेली वस्तू कुणालाही परत द्यायची नाही! नियम मास्तरांचाच. पाच वर्षांत त्यांनी तो स्वतःच्या बायकोसाठीही मोडला नव्हता, आणि तिनं तर चुकून दिलेला आपलाच खलबत्ता मागितला होता. मास्तरांनी ट्रेमधून हातात येईल ती किल्ली उचलली, चिठ्ठी सोडून खिशात टाकली, आणि किल्ली कुंडीखाली ठेवली.

"मास्तर, वहीत काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, गाडी लेट आहे," ते म्हणाले आणि काळ्या कोटाच्या बाहीनं नाक पुसत चालू लागले.

मंगळवारी वन्सं दवाखान्यात गेल्या. डोळे वाचले. पुढची सव्वीस वर्षं दर सोमवारी त्यांनी त्या परक्या किल्लीला तेल लावलं.

भाचा आला नाही.

मास्तर नऊ वर्षांनी गेले, सभा चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या. सहा वाजले होते. कंपाउंडर मुलीकडे राहायला गेले. तिच्या घरच्या सगळ्या कढयांना भोकं पडली असं ऐकलं. कुलूपवाला पुढं कधीही भेटला की दोन पावलं लांब उभा राहून बोलायचा. आमचे हे जाऊनही आता चौदा वर्षं झाली. त्यांनी माझी वही जाळली नाही. उलट शेवटी शेवटी समास तेच आखून द्यायचे.

वन्सं गेल्यावर घर विकलं. कुंडी मी माझ्या दाराशी आणली, आणि तिच्याखालची किल्ली संग्रहालयात परत न्यायला निघाले. नियम तो नियम! ते मोठं कपाट अजून झेंडीच्या दोरीनंच बांधलेलं होतं. का कोण जाणे, मी ती किल्ली त्या कपाटाला लावली. टक् करून फिरली.

सव्वीस वर्षं संग्रहालयाचं कपाट उघडं होतं आणि त्याची किल्ली वन्संच्या कुंडीखाली भाच्याची वाट बघत होती! त्या शनिवारी टेबलावर पडलेली कपाटाची किल्ली मीच त्रेचाळिसावी म्हणून मोजली होती.

मग वन्संची किल्ली कुठं? घरी आले, माळ्यावरची जुनी पिशवी काढली आणि फाटक्या अस्तरात हात घातला. होती. तेलकट, गुळगुळीत, चिठ्ठीशिवाय. एकही वस्तू इकडची तिकडे न करणाऱ्या माझ्याच पिशवीत!

हे मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, तुम्हीही सांगू नका. संग्रहालयात आता तीन हजारांच्या वर वस्तू आहेत, पण वन्संची किल्ली तिथं नाही. ती माझ्या दाराबाहेर आहे. भाचा त्या घराशी आला तर नवे लोक सांगतील, मामी दोन गल्ल्या पलीकडे राहते म्हणून. मी त्यांना तसं सांगून ठेवलं आहे.

फक्त कुंडी बदलली. वन्संची फार जड होती. हिशेब केला तर भाचा आता ब्याऐंशीचा असणार. कुंडी उचलताना कंबर धरली, तर बिचाऱ्याला वाटेल, मामी रागावली अजून!