गावडे सर आणि आमच्या छतावरची ओल

सकाळी साडेसातला बेल वाजली की बायको न बघताच म्हणायची, "सर आले, स्टूल द्या." मग गणितात डॉक्टरेट केलेला, साठी ओलांडलेला माणूस आमच्या बाथरूममध्ये स्टुलावर चढायचा, छतावरच्या ओल्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारायचा आणि शेजारी तारीख लिहायचा. महिन्याभरात आमचं छत भूगोलाच्या वहीसारखं दिसायला लागलं.

जोगेश्वरीच्या आमच्या सोसायटीत गावडे सर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी खाली, दुसऱ्यावर. मी बी.कॉम. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय आणि त्याची मला लाज नाही. सरांच्या पाटीवर मात्र नुसतं 'गावडे'. वडील गिरणीत होते, त्यांच्या वेळचीच पाटी.

सरांनी आयुष्यभर एकाच प्रश्नावर संशोधन केलं. मला समजलं तेवढं सांगतो: वस्तू फोडायची नाही, बाहेरून मापं घ्यायची आणि आत काय आहे ते ओळखायचं. डॉक्टर पोट न फाडता आतलं चित्र काढतात, त्यामागे असलंच गणित. परदेशातून सरांना व्याख्यानाची बोलावणी येतात. एकदा मी विचारलं, सर, मग ते मशीन तुम्ही बनवलंत का? छे रे, म्हणाले, मी फक्त एवढंच बघतो की आलेलं उत्तर एकमेव आहे, की दुसरंही कुठलं चालून जाईल. तीस वर्षं हेच.

घरीही सुटका नाही. कलिंगड कापण्याआधी ते आतून किती लाल हे सांगणार. आमच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून डाळ ओळखणार, आणि चुकलं तर चूक डाळीची. "माप खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतं," हे पालुपद.

तर ती ओल. डागाच्या बरोबर वर सरांचं आणि परब आजींचं, अशी दोन बाथरूमं भिंतीला भिंत लावून आहेत. गळतंय कुणाकडून, हा प्रश्न. आजी पंच्याऐंशीच्या, एकट्या, विसराळू. गेल्या वर्षी गॅस चालू राहिला, तेव्हाच पुण्याचा मुलगा म्हणाला होता, अजून एक तक्रार आली की आईला घेऊन जातो. आजींना घर सोडायचं नव्हतं. पण कमिटीने ठरवलं (कमिटीत मीही आहे) की आजींकडून गळत असेल तर मुलाला कळवायचं. प्लंबर म्हणाला, दोन्हीकडच्या लाद्या फोडून बघू. सर भडकले. फोडून कुणीही सांगेल, म्हणाले, मला महिना द्या.

महिन्याने मीटिंगमध्ये ते उठले. "माझ्याकडून गळतंय. फोडा माझं बाथरूम."

डॉक्टरेटवाल्यापुढे कोण बोलणार? पंधरा दिवस सर खांद्यावर टॉवेल टाकून आमच्याकडे आंघोळीला. डाग वाळला, सगळे खूश.

पण प्लंबर जाता जाता मला म्हणाला, "साब, सर का पाइप तो एकदम टकाटक था. फालतू में तुडवाया."

मी तडक वर गेलो. म्हटलं, सर, गणित चुकलं की कमिटीला फसवलंत?

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आजी चार दिवस भाचीकडे वसईला गेल्या होत्या ना, तेव्हा डाग रेघेबाहेर गेला नाही. नळ उघडा राहतो रे त्यांचा."

"मग?"

"ते चार दिवस मी सांगितले नाहीत. बाकीच्या मापांत दोन्ही उत्तरं बसत होती. त्यातलं कमी मोडतोडीचं दिलं."

डाग वाळला तो म्हणूनच: त्या मीटिंगपासून सर रोज दुपारी आजींकडे जातात आणि नळ बंद आहे ना, ते बघून येतात. मी कमिटीत तोंड उघडलं नाही.

परवा आजी जिन्यात भेटल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर म्हातारे झाले रे," त्या हळूच म्हणाल्या. "रोज येतत नि माझ्या न्हाणीतलो नळ बघतत. काल बघल्यानी तां आज इसारतत. लगीन नाय केल्यानी, घरात कोण बघतला तेंका? म्हणान मीच चाय करून बसवन ठेवतंय. पण तू कमिटीत कोणाक सांगू नको हां. उगीच तेंका खंयतरी धाडतले."