बगळ्याचा संदर्भ

डोंबिवलीत मान वर करून चालणारी माणसं कमीच. इथले रस्तेच तसे आहेत! मी मात्र चौतीस वर्षं मान ताठ ठेवून चालतोय. का म्हणून काय विचारता? चार जाडजूड पुस्तकांच्या संदर्भसूचीत माझं नाव छापलेलं आहे! आहे कुणाचं तुमच्या सोसायटीत?

मी परशुराम, इथल्या एका वाचनालयाचा ग्रंथपाल. "काका, अमुक विषयावर काही मिळेल?" असं कुणी विचारायचा अवकाश, मी डोळे मिटून कपाट, खण आणि पुस्तकाचा रंग सांगतो. बायको सरस्वती म्हणते, "घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो आधी शोधा." मी तिकडे दुर्लक्ष करतो.

तर जानेवारीत एक मुलगी आली. संचिता. खाडीकडच्या आगरी गावातली, मानववंशशास्त्रात एम. ए. करणारी. चेहरा रडवेला.

"काका, लग्नातल्या धवल्यांवर प्रबंध आहे माझा. आजीच धवलारीण आहे, लग्नं लावायची गाणी तिला सगळी पाठ. पण ती गातच नाही!"

"का बरं?"

"म्हणते, मांडव नसताना धवला गायचा नसतो. आणि आता मांडवात डीजे असतो. अकरा वर्षांत तिला कुणी बोलावलेलं नाही. चौऱ्याऐंशीची झालीय, अर्धी गाणी विसरलीसुद्धा असेल. गाइड मॅडम म्हणतात, गाणं नाही तर निदान जुना छापील संदर्भ आण, नाहीतर विषय बदल. तीन आठवडे राहिलेत."

धवले! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकोणीसशे एक्याण्णव साली, ऐन तारुण्यात, याच विषयावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिलेला. त्यात एक अस्सल धवला छापलेला. चारही पुस्तकांनी तोच तर उचललाय! पण हे आपल्या तोंडाने कसं सांगायचं? तिला शोधता शोधता सापडायला हवं!

"ठाण्याला जा," मी गंभीरपणे म्हणालो. "तिथल्या ग्रंथालयात एक हिरवं पुस्तक आहे. तळटीप बघ."

ती ठाण्याला गेली. तळटिपेने तिला कल्याणला पाठवलं. कल्याणच्या पुस्तकाने सांगितलं, मूळ संदर्भ डोंबिवलीत. चौथ्या दिवशी पोरगी धापा टाकत माझ्यासमोर उभी. मी अंक आधीच झटकून टेबलावर ठेवलेला.

"काका! हे तुम्ही?"

"कोण? बघू... अरेच्चा! मीच की!"

त्या क्षणाचा फोटो काढायला कुणी नव्हतं हो!

संचिताने धवला मोठ्याने वाचला.

"दाराशी आयला पांढरा बगला,
तीन ताटां जेवला, तरी नाय थकला!"

खाली गावाचं नाव आणि माझं विवेचन होतं, बगळा म्हणजे पूर्वजांचा आत्मा. हिरव्या पुस्तकाने त्यापुढे जाऊन बगळ्याला कुळाचं देवक केलं होतं. आणि कल्याणच्या पुस्तकात तीन ताटं म्हणजे स्वर्ग, मृत्यू आणि पाताळ!

"हे तर आमच्याच गावचं आहे," संचिता म्हणाली. "आजीने कधी सांगितलं नाही. काका, चला ना, तिला वाचून दाखवू. कदाचित हे ऐकून ती पुढचं गाईल!"

रविवारी मी निघालो. पांढरा शुभ्र शर्ट, हातात पेढे, काखेत दिवाळी अंक. सरस्वतीलाही घेतलं. नवऱ्याची विद्वत्ता तिने एकदा तरी प्रत्यक्ष बघावी ना!

टॉवरांच्या मागे संचिताचं बैठं घर. ओटीवर केशरबाई आजी कोलंबी सोलत बसलेल्या. मी अंक उघडला, घसा खाकरला आणि दोन्ही ओळी चालीत म्हटल्या.

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग शर्टाकडे. मग मानेकडे. आणि हातातली कोलंबी टाकून त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, संचिता पाणी घेऊन धावली.

"अगो पोरी, यो तोच बगला!"

"कोण बगळा, आजी?"

"यो! आमच्या घरा आयलेला, वही घेऊन. 'धवला सांगा, धवला सांगा.' मांडव नाय, हलद नाय, कसा सांगू? पाप लागंल! मी सांगितला, आदी जेव. तर यो जेवतंय, जेवतंय, उठंचना! कोलंबीचा टोप चाटून पुसून साफ! मंग मीच रचला, दाराशी आयला पांढरा बगला!"

पूर्वजांचा आत्मा पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभा होता.

"आणि वृद्धा कोनाला म्हनलंस रं?" अंकात बोट खुपसून आजी कडाडल्या. संचिताने 'एका वृद्धेकडून ऐकलेला' ही ओळ नेमकी तेव्हाच वाचली होती. "पन्नाशीची होते मी!"

सरस्वती पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो असतो, पण संचिताचं लक्ष नव्हतं आमच्याकडे. ती खाली बसली होती.

"म्हणजे माझ्याकडे आता काहीच नाही," ती म्हणाली. "छापलेलं आहे ते खोटं. आणि खरं आहे ते आजी गाणार नाही."

"तू लगीन कर, मी गाते," आजी म्हणाल्या. पण आवाज उतरला होता. "मना काय हौस नाय? गल्यात दाटून ऱ्हातंय सगला."

"दोन आठवड्यांत नवरा कुठून आणू आजी?"

मला फार वाईट वाटलं. पोरीला चार दिवस उन्हातान्हात फिरवलं मी, कशासाठी? तर माझं नाव वाचायला! चौतीस वर्षं मिरवलं, आणि या म्हातारीला एकदाही विचारायला परत आलो नव्हतो.

"चुकलं माझं, आजी," मी म्हणालो.

आजी सरस्वतीकडे बघत होत्या. "तुझी हलद कंदी झाली गो? कोनी लावली?"

"कुठली हळद," सरस्वती म्हणाली. "रजिस्टर लग्न आमचं. सही केली आणि दुपारी हे वाचनालयात गेले. वार्षिक मोजणी होती." ती हसून बोलत होती. पण तेहतीस वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती.

"हलद नाय? मंग लगीन अर्धाच हाय!" आजी उठल्याच. "पोरी, मांडव घाल!"

पुढच्या रविवारी खाडीकडच्या त्या अंगणात चार बांबू उभे राहिले. आंब्याचे टहाळे बांधले. एकसष्ट वर्षांचा मी मुंडावळ्या बांधून पाटावर! शेजारी सरस्वती, हिरव्या चुड्यात, मान खाली घालून चक्क लाजत होती! गावच्या बायकांनी मला अशी हळद फासली की भिंतीलासुद्धा कुणी एवढा रंग देत नाही.

आणि आजी गायल्या. आधी आवाज कापत होता. दुसऱ्या धवल्याला स्थिरावला. मग एकामागून एक येतच राहिले. मांडवाचे, हळदीचे, पोर सासरी धाडतानाचे. बाकीच्या म्हाताऱ्या एकेक करून सूर धरायला लागल्या. संचिताचा मोबाईल चालू होता, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. आजीकडे बघून ढसाढसा रडत होती. सरस्वतीने पाटावरून हळूच माझा हात धरला. मला रडू आलं. हळद डोळ्यांत गेली म्हणालो. एकाचाही विश्वास बसला नाही.

प्रबंध वेळेत गेला. सदतीस धवले निघाले! मॅडम म्हणे उठून उभ्या राहिल्या. चार पुस्तकांतली चूक पकडली म्हणून वेगळं कौतुक. संचिता एक प्रत आमच्या वाचनालयाला द्यायला आली. मी सवयीने आधी संदर्भसूची उघडली. संदर्भ क्रमांक एक: केशरबाई, वय ८४, धवलारीण. वाचून समाधान वाटलं, खरंच वाटलं. मग माझं नाव शोधलं. सूचीत नव्हतं.

"तळटीप बघा ना काका," संचिता म्हणाली.

तळटीप क्रमांक सतरा: 'परशुराम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला "बगळ्याचा धवला" हा धवला नसून, लेखकाच्या आहारावर केशरबाईंनी केलेली थट्टा आहे. ताटे प्रत्यक्षात चार होती. पाहुण्याची लाज राखण्यासाठी तीन सांगितली.'

सरस्वतीने त्या पानाची झेरॉक्स काढून फ्रिजवर लावली आहे. आणि मी हल्ली डोंबिवलीत मान खाली घालून चालतो. खड्डे तरी दिसतात!