चिमणी झोपली की नेट झोपतं

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. सुटूच शकत नाही! टेबलांच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवलेत, खिडक्यांना जाळ्या बसवल्यात, खालच्या सगळ्या खणांना कुलपं लावलीत. नवरा म्हणतो, "या घरात मोजे घालायचे तर आधी अर्ज करावा लागतो." म्हणू दे! चिमणी रांगायला लागल्यापासून घरात एकही अपघात झालेला नाही. नवऱ्याचं बोट खणात सापडलं होतं, पण ते मी धरत नाही. तो मोठा आहे.

चिमणी म्हणजे आमची मुलगी. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते अजून तिच्या अंगाला सैल होतं.

चिमणी व्हायच्या आधी मी कारखान्यांमध्ये सुरक्षा तपासनीस होते. कुठली तार उघडी आहे, कुठल्या जिन्यावर कोण घसरेल, हे आधीच ओळखायचं आणि लोकांच्या डोक्याशी भुणभुण लावायची. तिचा पगार मिळायचा! आता तीच भुणभुण घरात फुकट चालली होती आणि तिची कोणाला कदर नव्हती. त्यामुळे एका कंपनीने घरबसल्या मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उडीच मारली. बरंचसं काम घरून, अधूनमधून कारखान्यात फेरी. अशी नोकरी पुन्हा चालून आली नसती. ती गेली असती, तर पुढची कितीतरी वर्षं मी नवऱ्याच्या मोज्यांचीच तपासनीस राहिले असते.

योजना माझी अगदी चोख होती. मुलाखत चिमणीच्या सकाळच्या झोपेच्या वेळी. चिमणी आतल्या खोलीत, मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. आणि दोघींच्या मध्ये बेबी मॉनिटर! हा ताईने नुकताच पाठवला होता, तिच्या मुलाचा वापरून झालेला. एक डबी बाळाच्या उशाशी, एक आपल्याजवळ. तिकडे बाळाने कूस बदलली तरी इकडे खसखस ऐकू येते. आपली डबी बंद केली की तिकडचीही आपोआप बंद होते. मला तर तो मिळाल्यापासून तिसरा कान फुटल्यासारखं वाटत होतं.

आदल्या दिवशी मी रंगीत तालीम ठेवली. चिमणी झोपली. मॉनिटर सुरू केला, लॅपटॉपशेजारी ठेवला आणि ऑफिसात बसलेल्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर नवऱ्याचं अर्धं नाक आलं आणि थांबलं. मग तेही गेलं. उरलं गोल गोल फिरणारं चक्र.

मी मोबाइलवरून फोन केला. "अरे, लॅपटॉपला नेटच मिळत नाहीये!"

"बंद करून परत चालू कर."

"काय? लॅपटॉप?"

"सगळं!"

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायची पेटी बंद करून चालू केली. पासवर्ड विसरायला लावून पुन्हा शिकवला. लॅपटॉप बिनतारी सोडून तारेनं जोडावा म्हटलं, तर तो इतका बारीक, की त्याला तार खुपसायला भोकच नाही! मोबाइल मात्र त्याच वायफायवर हरणासारखा पळत होता. पण मुलाखतीत कारखान्याचे नकाशे पडद्यावर दाखवून समजावायचे होते, ते काही मोबाइलवर जमण्यातलं नव्हतं.

तेवढ्यात चिमणी उठली. मी तिला उचलून आणलं, सवयीने मॉनिटर बंद केला (बाळ कडेवर असताना तिसरा कान कशाला हवा?) आणि बघते तर पडद्यावर नवरा! पूर्ण नाकानिशी!

"आलं! मी केलं दुरुस्त!" मी ओरडले.

"कसं केलंस?"

"अनुभव!" मी म्हटलं.

दुपारी चिमणी पुन्हा झोपली. मॉनिटर सुरू करून मी ऐटीत लॅपटॉप उघडला. चक्र!

आता मात्र मी नेट कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, त्याने बेल दाबली आणि अर्थातच चिमणी जागी झाली. तिला कडेवर घेऊन मी दार उघडलं. त्याने लॅपटॉप पाहिला.

"मॅडम, चालतंय की! फुल रेंज आहे."

"आत्तापर्यंत नव्हतं हो!"

"मला बघून आलं असेल," असं म्हणून तो हसत हसत गेला.

तो गेला, चिमणी झोपली, नेट गेलं. मी पुन्हा फोन केला. तो पुन्हा आला. बेल, चिमणी, भोंगा! आणि लॅपटॉप असा सुरळीत, की जणू मीच खोटारडी!

एवढा वेळ सोफ्यावर बसून हा तमाशा बघणाऱ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्यात काय एवढं? चिमणी जागी असली की नेट येतं. झोपली की जातं. मी सकाळपासून बघतेय."

"आई, असं कधी असतं का?"

"मग झोपवून दाखवू?"

नेटवाल्याला हसू आवरेना. "झोपवा, झोपवा! मी पण बघतो."

सासूबाईंनी चिमणीला आत नेऊन थोपटलं. आतून खूण झाल्यावर मी मॉनिटर सुरू केला, म्हणजे ती खरंच झोपली का ते कळावं. डबीतून चिमणीचा संथ श्वास ऐकू आला. आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत नेट गेलं.

नेटवाल्याचं हसू जिथल्या तिथे गोठलं.

"आता उठवते हं!" आतून सासूबाई ओरडल्या. चिमणीने सूर लावला. ती बाहेर आली, मी मॉनिटर बंद केला, नेट आलं.

नेटवाला खुर्चीत बसला. "जरा पाणी मिळेल का?" पाणी पिऊन त्याने वायफायची पेटी बदलली. तार बदलली. मग स्वतःचं यंत्र ठेवायला टेबलावर जागा करताना त्याने विचारलं, "ही डबी जरा बाजूला घेऊ का?"

"हात लावू नका!" मी किंचाळले. "बाळाची आहे ती!"

बिचाऱ्याने हात असा मागे घेतला, जणू डबीने चावा घेतला. प्रयोग पुन्हा झाला. नवी पेटी, नवी तार, आणि गत तीच. निघताना दारात तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्या बाळाला जागं ठेवा. यापुढे कंपनीकडे उपाय नाही."

म्हणजे आता पंचाईत बघा! चिमणी झोपली तर मुलाखतीला मी मोकळी, पण नेट नाही. चिमणी जागी असली तर नेट आहे, पण ती किबोर्डवर चढून मुलाखत स्वतःच देणार!

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं वाईट बातमी सांगण्याआधी डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात.

"तू तपासनीस आहेस ना गं? आणि बाळाच्या झोपेने नेट जातं म्हणतेस?"

"मी नाही, आई म्हणतात."

"मी कशाला घाबरू? म्हणतेच!" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने चिमणीला मांडीवर घेऊन तिथेच, बाहेरच्या खोलीत झोपवलं. मग माझ्यासमोर लॅपटॉप उघडला. नेट चालू! चिमणी गाढ झोपलेली, आणि नेट पाण्यासारखं वाहतंय!

"बघितलंस?" तो विजयी मुद्रेने म्हणाला. "काही झालेलं नाही. तुम्हा दोघींना हवापालटाची गरज आहे."

सासूबाई उठता उठता पुटपुटल्या, "बापाच्या मांडीवर मुलं खरी झोपतात होय? सोंग करत असेल."

मुलाखतीची सकाळ उजाडली. चिमणी वेळेवर झोपली. तिच्या उशाशी डबी, माझ्याशेजारी डबी. मुलाखतीत स्वतःचा चेहरा दिसला की मी केसच सारखे करत बसते, म्हणून पडद्यावरच्या माझ्या चौकोनावर मी चिकटकागद लावून टाकला. सासूबाईंना बजावलं, "आई, काहीही झालं तरी तिला उठवायचं नाही!"

"मी कशाला उठवतेय?" त्या म्हणाल्या. फार लवकर म्हणाल्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी जोडणी सुरू केली. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई उमटल्या. "नमस्कार, आम्हाला अशा व्यक्तीची..." आणि बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. मग आवाज तुकड्या-तुकड्यांनी आला, "...तुमचा... कारखा... ऐकू..." आणि चक्र!

डोळ्यांसमोर मोजे नाचायला लागले. मोजे, मोजे, आयुष्यभर मोजे!

पण मग कोण जाणे कुठून, माझ्यातली जुनी तपासनीस जागी झाली. कारखान्यात मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवायची. बिघाडाकडे बघू नका, बिघाडाबरोबर आणखी काय येतं ते बघा! आता बिघाडाबरोबर काय आलं? झोप आली. पण काल संध्याकाळी झोप होती आणि बिघाड नव्हता. मग काल संध्याकाळी काय नव्हतं? नवरा शेजारी होता, चिमणी समोर होती, म्हणून मी सुरूच केली नव्हती ती...

माझी मान सावकाश वळली. लॅपटॉपला खेटून डबी बसली होती. तिचा हिरवा दिवा माझ्याकडे बघून मिचमिचत होता.

मी डबी बंद केली.

"...येतंय का?" बाई एकदम जिवंत झाल्या. "मॅडम? ऐकू येतंय का?"

मी डबी सुरू केली. बाई थिजल्या. बंद केली. बाई जिवंत! सुरू! थिजल्या! बंद! जिवंत! मला असा आनंद झाला, की मी त्या बिचाऱ्यांना आणखी एकदा थिजवलं.

"सापडलं!" मी टेबलावर हात आपटला.

"काय सापडलं?" बाई दचकून म्हणाल्या.

आणि मग मला कळलं, खरी परीक्षा आत्ता आहे. नेट हवं तर डबी बंद ठेवायची. म्हणजे चिमणी आत एकटी आणि मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येणार नाही. तिला उचकी लागली तर? पांघरूण तोंडावर आलं तर? शेवटी मी मनाशी म्हटलं, आजी घरात आहे, दार उघडं आहे, जगातली सगळी बाळं डबीशिवायच वाढली. आणि डबी उचलून टेबलाखाली ठेवून दिली. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडस हेच! पण ते कोणाला सांगता येत नाही.

पुढची मुलाखत म्हणजे मी आणि फक्त मी! नकाशे दाखवले, जिने दाखवले, माणसं कुठे घसरतील ते दाखवलं. बाईंनी विचारलं, "एखादा बिघाड तुम्ही शोधून काढल्याचं उदाहरण?"

"ताजंच आहे!" मी म्हटलं. आणि नेटवाला, नवी पेटी, डबी, सगळं सांगितलं. "या डबीच्या आणि माझ्या लॅपटॉपच्या लहरी एकाच वाटेने जातात. डबी सुरू झाली की लॅपटॉपला वाट मिळत नाही. मोबाइलची वाट वेगळी, म्हणून तो सुटला."

बाई मनापासून हसल्या. "छान! तुमची नजर तीक्ष्ण आहे."

"खरं सांगायचं तर," मी खुर्चीत ताठ होत म्हणाले, "आसपास घडणारी कुठलीही गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही."

"हो का?" बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "मग एक शेवटचा प्रश्न. तुमच्या मागे कोण उभं आहे?"

मी वळले.

माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे सासूबाई उभ्या होत्या. खांद्यावर गाढ झोपलेली चिमणी. आणि दुसऱ्या हातात, तिच्या कानाशी नेम धरून, खुळखुळा!

"आई! तुम्ही कधी आलात?"

"नेट गेलं तेव्हाच," सासूबाई कुजबुजल्या. "म्हटलं, परत गेलंच तर पटकन उठवता येईल."

"मी केव्हापासून बघतेय," बाई म्हणाल्या. "एकदाही हलल्या नाहीत."

संध्याकाळी बाईंचा फोन आला. नोकरी माझी! मी एक आरोळी ठोकली, नवऱ्याने घाईने कबूल केलं की हवापालटाची गरज त्यालाच आहे, आणि चिमणीने कारण न कळताच टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बाई फोनवर पुढे म्हणाल्या, "अजून एक विचारायचं होतं. आमच्या मुख्य फाटकावर लक्ष ठेवायला खंबीर माणूस मिळत नाहीये. तुमच्या सासूबाई मोकळ्या असतात का हो?"

मी फोनवर हात ठेवून सासूबाईंना विचारलं.

"विचार करून कळवते म्हणावं," सासूबाई खुळखुळा खाली ठेवत म्हणाल्या. "आणि पगार तुझ्याइतकाच हवा म्हणावं. तू वळून बघेपर्यंत तुझ्यावर नजर कोण ठेवत होतं?"