रोमन देवळाची डागडुजी

मोडकं काहीही दाखवा, मी उभं करून देतो! शारजात माझी ख्यातीच आहे तशी. नव्या इमारतींमधले फ्लॅट मालकांच्या ताब्यात जाण्याआधी तडे शोधायचे आणि बुजवून घ्यायचे, हीच माझी नोकरी. तडा दिसला की हात शिवशिवतात हो!

शनिवारी ईश्वरी, म्हणजे आमची आठवीतली लेक, तिच्या आईबरोबर, अनुपमाबरोबर, पोहायला गेली. मी टीव्हीचा रिमोट शोधायला सोफा ढकलला आणि मागे पाहिलं, तर तिचं शाळेचं प्रोजेक्ट! पीओपीचं रोमन देऊळ. उंच जोतं, पायऱ्या फक्त समोर, मागे गाभारा. पण छप्पर गायब, समोरच्या सहापैकी पाच खांब तुटलेले, तुकडे पायऱ्यांवर! एकच खांब धड होता, माथ्यावर कागदी पानांचा नाजूक गुच्छ घेऊन.

मेलो! सोफ्याचा धक्का लागला! आणि उद्या प्रदर्शन!

शेजारच्या टोनीला हाक मारली. वसईचा माणूस, हॉटेलात लग्नाची स्टेजं उभारतो.

"प्रकाशभाई, टेन्शन कशाला? यल्ला, चला लागू कामाला!"

साइटवरचा दगडासारखा घट्ट होणारा डिंक, इपॉक्सी, काढला. खांब जोडले, पुठ्ठ्याचं छप्पर करून चढवलं. मग माझ्या लक्षात आलं, मागच्या बाजूचे खांब भिंतीतच अर्धे रुतलेले. फिरायला वाटच नाही!

"टोनी, प्रदक्षिणा कशी घालायची रे?"

"रोमन लोक घालत नसतील."

"देऊळ आहे ना? मग घालणारच!"

भोवती पुठ्ठ्याचा मार्ग केला. टोनीने सोनेरी स्प्रे मारला. देवघरातला छोटा कळस मी वर बसवला. काय शोभा आली म्हणून सांगू!

दार उघडलं. ईश्वरीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बाबा! व्हॉट डिड यू डू?"

"खलास! नवंकोरं करून दिलं!"

"इट वॉज अ रुइन! इट वॉज सपोज्ड टू बी ब्रोकन!"

"अहो," अनुपमा कपाळावर हात मारत म्हणाली, "महिनाभर खऱ्या अवशेषांचे फोटो बघून एकेक खांब तोडला होता तिनं! विचारायचं तरी!"

आता तोडायलाही फोटो बघावे लागतात, हे मला कुठलं ठाऊक? टोनी तर "किचनमध्ये गॅस चालू राहिला," म्हणत पसार झाला.

"रडू नकोस बेटा, मोडणं काय कठीण?" मी हातोडी घेतली. हळूच मारली. ढिम्म! जोरात मारली. काही नाही! इपॉक्सी माझंच, पक्कं काम! मग दात-ओठ खाऊन एक घाव घातला आणि सगळे खांब एकदमच कोसळले. तो धड असलेलाही. पानांचा पार भुगा झाला.

"सॉरी, बेटा."

"इट्स ओके, बाबा," म्हणत ती तुकडे गोळा करू लागली. चिडली असती, ओरडली असती, तर बरं वाटलं असतं मला. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं.

प्रदर्शनात तिने तो ढिगारा तसाच मांडला. परीक्षक मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "सो सॅड! व्हॉट डिस्ट्रॉइड इट? अर्थक्वेक?"

"नो, मॅम," ईश्वरी म्हणाली. "रिपेअर्स."

मॅडम खळखळून हसल्या. मीही हसायला गेलो, पण ईश्वरी हसत नव्हती.